तांब्याची चकती

"आधी ऐकून घ्या, मग हात लावा," असं नरहरकाका पिसाळ दिवसातून दहा वेळा म्हणायचे. बंद पडलेला पंखा असो, कुरकुरणारी मोटार असो, की तापानं फणफणलेलं कुणाचं पोर असो, काकांचं सांगणं एकच. मान तिरकी करायची, डोळे मिटायचे आणि उगी राहायचं. मग बिघाड आपण होऊन बोलायला लागतो, असं त्यांना वाटे. आणि खरं सांगायचं तर त्यांच्यापाशी तो बोलायचाही.

वाईजवळच्या एका लहान गावातून अठराव्या वर्षी निघालेला हा माणूस. हवाई दलात वायरलेसची यंत्रं दुरुस्त करत त्यांची वीस वर्षं गेली. शेवटची नेमणूक लखनौला होती. निवृत्ती झाली तेव्हा सामान बांधायचं सोडून पद्माकाकू म्हणाल्या, "इथंच राहू या की. इथली माणसं भांडतानासुद्धा आप-आप करतात." झालं. सरोजिनी नगरात दोन खोल्यांचं घर झालं, दारात जास्वंद आली, आणि कानपूर रोडवरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात काका प्रयोगशाळेचे मदतनीस झाले. हुद्दा मदतनिसाचा, पण प्राध्यापकसुद्धा यंत्र अडलं की "पिसाळजी कहाँ हैं?" असंच विचारायचे.

अबोली पहिल्या वर्षाला आली तेव्हा तिला त्या कॉलेजात मराठी बोलणारी दोनच माणसं भेटली. एक काका. दुसरा निरंजन, अलीगंजचा. त्याच्या वडिलांना केंद्र सरकारच्या नोकरीनं इथं आणलेलं. निरंजनला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र तो हिंदीत द्यायचा.

"अरे, आईशी तरी मराठीत बोलतोस का?" काका चिडवायचे.

"माँ डाँटती मराठी में हैं, तो माफ़ी भी मराठी में माँगनी पड़ती है," निरंजन म्हणायचा.

या तिघांनी आणि आणखी चार मुलांनी मिळून स्पर्धेसाठी रोबो उभा केला. मुलं त्याला नुसती 'गाडी' म्हणायची. दुरून रिमोटवर चालायची, चेंडू उचलायची, वळून टोपलीत टाकायची. तीन वर्षं स्पर्धेला जाऊन ती हात हलवत परत आली होती. यंदा अबोली संघाची प्रमुख होती, आणि तारांचं सगळं जाळं निरंजननं स्वतः विणलेलं. दोघांचंही शेवटचं वर्ष.

त्या श्रावणात पद्माकाकू गेल्या. चार दिवसांचा ताप, इतकंच. काका तेराव्यानंतर कामावर आले आणि जणू काही झालंच नाही अशा रीतीनं टेबल पुसायला लागले. अबोलीला एवढंच दिसलं की डबा आणणं त्यांनी बंद केलं होतं.

वर्षाच्या आत सण करू नये, असा गावाकडून निरोप होता. पण खंडेनवमीला काका म्हणाले, "हत्यारांची पूजा हा सण नव्हे. ते आपलं देणं आहे." त्या दिवशी त्यांनी पक्कड, पेचकस, मीटर, सगळं ओळीनं मांडलं. शेवटी पिशवीतून एक तांब्याची चकती काढली. काकूंचं पूजेचं ताम्हण होतं ते. काठ कापून, ठोकून सपाट केलेलं, चार भोकं पाडलेलं, आणि मधोमध कोरून संघाचं नाव घातलेलं. गाडीच्या पाठीवर रिमोटचा संदेश पकडणारी रेडिओची डबी होती. तिच्यावरच ती चकती त्यांनी चार स्क्रूंनी बसवली, हळदकुंकू वाहिलं, आणि म्हणाले, "आता ही तुमच्याबरोबर येईल. हिला कुणी हात लावायचा नाही."

'ही' म्हणजे कोण, ते सगळ्यांना कळलं.

दसरा झाला आणि गाडी मैदानात अडायला लागली. चांगली धावायची, चेंडू उचलायची, वळायची, आणि मध्येच धाडकन थांबायची. रिमोटवरचा हिरवा दिवा लाल व्हायचा. जवळ गेलं की पुन्हा हिरवा. सगळ्यांचे मोबाइल बंद करून पाहिले. बॅटरी बदलली. रिमोटची वाहिनी, म्हणजे चॅनेल, बदलली. काकांनी डोळे मिटून ऐकलं, पुन्हा ऐकलं.

चौथ्या दिवशी निरंजन म्हणाला, "काका, एक बात देखी मैंने. जब इसकी पीठ हमारी तरफ़ होती है, तभी सिग्नल जाता है. एक बार वो प्लेट निकालकर देखें?"

काकांनी डोळे उघडले. अबोलीनं त्यांचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता.

"वीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले मी. तू मला शिकवणार?"

"सिखा नहीं रहा, काका. बस पाँच मिनट—"

"तुझं काम आधी बघ." त्यांनी गाडीच्या पोटात हात घातला आणि एक तार बोटानं हलवली. सोल्डरचा सांधा किंचित हलला. "हे बघ. कच्चा सांधा. गाडी थांबणार नाही तर काय नाचणार?"

सांधा कच्चा होता हे खरं. पण तो हलला तेव्हा रिमोटचा दिवा हिरवाच होता, हेही अबोलीनं पाहिलं. पाहिलं आणि गिळलं. बाकीची मुलं निरंजनवर तुटून पडली. निरंजन सॅक उचलून गेला. जाताना "चलता हूँ" असं नेहमीसारखं म्हणाला, त्यानंच अबोलीला जास्त लागलं.

स्पर्धेला चार दिवस होते. नावांची यादी त्या रात्रीपर्यंत पाठवायची होती. काका म्हणाले, "कच्च्या हाताचा माणूस मैदानात नको," आणि अबोलीनं निरंजनचं नाव खोडलं. बोट तिचं होतं. काकांनी सगळ्या तारा स्वतः नव्यानं जोडल्या. प्रयोगशाळेत गाडी झकास चालली. प्रयोगशाळा ती केवढी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत वीस पावलं.

स्पर्धेच्या मोठ्या हॉलमध्ये पहिल्या फेरीत गाडी वळली आणि थांबली. दुसऱ्या फेरीतही वळली आणि थांबली. तिसऱ्या फेरीला चाळीस मिनिटं उरली होती.

काका गाडी घेऊन मागच्या लांब बोळात गेले. "तू रिमोट घेऊन त्या टोकाला जा," ते अबोलीला म्हणाले. "दिव्याचा रंग ओरडून सांग."

त्यांनी गाडी जमिनीवर ठेवली आणि हातानं हळूहळू फिरवायला सुरुवात केली.

"हिरवा!" अबोली ओरडली. "हिरवा! हिरवाच!"

चकती तिच्याकडे वळली.

अबोलीनं रिमोट हलवून पुन्हा पाहिला. काकांनी लांबून विचारलं, "कुठला रंग?"

"लाल."

त्यांनी पुन्हा फिरवली. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा फिरवून झाल्यावर ते तिथंच फरशीवर बसले. अबोली धावत आली तेव्हा त्यांनी पेचकस हातात घेतला होता, पण तो स्क्रूच्या खाचेत बसत नव्हता. तिनं पेचकस घ्यायला हात पुढं केला, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. चार स्क्रू त्यांनीच काढले. चकतीच्या खाली वाळलेली हळद साठली होती, ती त्यांच्या बोटांना लागली.

"रेडिओला धातूनं झाकू नये, हे मला माहीत नव्हतं असं नाही पोरी," ते म्हणाले. "पहिल्या वर्षाच्या पोरांना मीच सांगतो."

तिसऱ्या फेरीत गाडी वाऱ्यासारखी धावली. एकूण एक चेंडू टोपलीत गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण दोन फेऱ्या आधीच हातच्या गेल्या होत्या, आणि पुढं जाणाऱ्या संघांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं.

काका आयोजकांच्या टेबलाशी गेले आणि निरंजनचं नाव यादीत घाला म्हणाले. तिथल्या बाईंनी अगदी अदबीनं सांगितलं की स्पर्धा संपली आहे, चाचाजी. नावांच्या यादीबरोबर पाठवलेल्या, आधीच्या बिघाडाचं कारण लिहायच्या कागदावर संघानं 'सदोष सोल्डरिंग' असं भरून दिलं होतं. ते काकांनी खोडलं, 'रेडिओवर धातूची चकती' असं लिहून खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं आणि सही केली. मग अबोलीला म्हणाले, "मला अलीगंजला सोड."

उन्हं उतरत होती. अबोलीनं त्यांना आपल्या स्कूटरवर घेतलं.

वरच्या मजल्यावर निरंजननं दार उघडलं. पुढं होऊन त्यानं काकांच्या पायांना हात लावला, खुर्ची ओढली, पाणी आणलं. "बैठिए काका. चाय बनाता हूँ. माँ बाज़ार गई हैं."

"निरंजन," काका उभेच राहिले. "तुझं बरोबर होतं. चकतीच होती. मी तुझ्यावर खोटा ठपका ठेवला. कागदावर मी तसं लिहून दिलंय."

निरंजननं हातातला पेला टेबलावर ठेवला. "तीसरे राउंड में चली?"

"चालली," अबोली म्हणाली. "एकही चेंडू चुकला नाही."

"अच्छा." तो हसला. मग काकांशी तो पहिल्यांदाच मराठीत बोलला. "शेवटचं वर्ष होतं, काका. मला तिला चालताना बघायचं होतं."

काकांनी त्याच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला, पण मध्येच खाली घेतला, जणू तो हक्क आता उरला नव्हता. पाण्याचा पेला तसाच भरलेला राहिला.

खाली आल्यावर अबोलीनं स्कूटर वळवली. "बसा काका, घरी सोडते. केवढं लांब आहे."

"नको. तू जा."

"काका, माझंही चुकलं. दिवा मी बघितला होता."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. रागावले नाहीत, समजूतही काढली नाही. "मग तू वर जा," म्हणाले. "त्याला सांग ते."

आणि ते निघाले. भाजीच्या गाड्यांमधून, कोचिंग सुटलेल्या मुलांच्या घोळक्यातून, स्कूटरवाल्यांना वाट देत, अंग चोरून. हवाई दलातली ताठ चाल होती त्यांची. आज मात्र एक खांदा खाली पडला होता. अबोली वर गेली नाही, घरीही गेली नाही. एक पाय रस्त्यावर टेकून ती बघत राहिली. मान वर केली तेव्हा गॅलरीत निरंजन दिसला. कठड्याला धरून तोही त्याच दिशेला बघत होता.