सुमनअक्काचा ओटा

घर बांधून झालं की जागेवर काय काय उरतं. तुटक्या फरशा, दगड झालेली सिमेंटची अर्धी गोणी, कुणाची तरी एकच चप्पल आणि किस्से. बाकीचं सगळं आम्ही टेम्पोत टाकून परत आणतो. किस्से घरी आणले की बायको म्हणते, "झालं का तुमचं सुरू!" म्हणून तुम्हाला धरलंय. चहा यायचाय अजून, तोवर कुठे जाता?

आमची रविवारची गँग आहे. ज्याला घर नाही त्याला घर बांधून द्यायचं. सामान मागून आणायचं, अवघड काम गवंड्याचं, आणि हमाली आमची नि त्या घरच्यांची. मी एसटीतला रिटायर्ड कंडक्टर. वंदनाताई मेहरूणच्या लेडीज टेलर. प्रकाशशेठ धुळ्याचे कापडवाले, टेम्पो त्यांचा. आणि निखिल, इंजिनिअर. जन्म जळगावचा, पण वाढला पुण्यात. हल्ली आईवडिलांकडे राहून लॅपटॉपवर नोकरी करतो. पोरगं हुशार, फक्त आपली इकडची बोली त्याला सबटायटल लावल्याशिवाय कळत नाही.

यंदाचं घर होतं चोपड्याकडच्या एका गावात, सुमनअक्काचं. नवरा गेल्यापासून अक्का जेठाच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, घरामागच्या पत्र्याच्या खोलीत राहायची. दिवसभर केळीच्या बागेत काम.

*

पहिल्यांदा गेलो तेव्हा अक्का जेठाच्या घरापुढच्या ओट्यावर बसून चहा पीत होती. आम्ही टेम्पोतून उतरलो तशी आतून तिची जाऊ ओरडली, "सुमन, ऊठ वं! पावना उनात!"

पाहुणे आले म्हटल्यावर अक्का उठली. बसली होती ती जागा तिने पदराने पुसली आणि आम्हाला म्हणाली, "बठ्ठा बठा."

आम्ही बसलो. अक्का अर्धा कप चहा हातात धरून खांबाशी उभी राहिली. तिची सवय दिसत होती ती. मला काही ते बरं वाटलं नाही, पण बसलेला माणूस पुन्हा उठून काय बोलणार?

निखिल माझ्या कानात म्हणाला, "काका, अक्का एकच शब्द दोनदा का म्हणाल्या?"

"अरे, पहिला बठ्ठा म्हणजे सगळे. दुसरा बठा म्हणजे बसा."

"आणि सगळे बसले असतील तर?"

"मग बठ्ठा बठेल शेतस. आता गप बस."

जाऊबाई आतच होत्या आणि आम्ही तिघं टेम्पो वळवायला गेलो, तेवढ्यात निखिलने अक्काला विचारलं की नव्या घरात काय काय पाहिजे. अक्का म्हणाली, "बाकी काय बी करा भाऊ, पन ओटा मोठा जोयजे. माझा सोताचा." निखिलला एवढं वाक्य अख्खं कळलं, याचाच त्याला कोण आनंद झाला! टेम्पोत बसल्यावर जळगाव येईपर्यंत तो म्हणत होता, "काका, क्लायंटची रिक्वायरमेंट एकदम क्लिअर आहे."

*

विटा वाहायच्या तर आम्ही रांग लावतो, या हातातून त्या हातात. रांग माझ्या ताब्यात. नोकरी सुटली तरी सवय सुटत नाही हो. मी घमेल्यावर थापी वाजवायचो. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. अधूनमधून "पुढे सरका, मध्ये जागा आहे" हेही आपसूक तोंडातून जायचं.

एकदा बराच वेळ रांग नीट चालली होती. शेवटी पाहतो तर एक म्हातारे आबा हातात पिशवी घेऊन रांगेत उभे. कोण, कुठले, कुणालाच माहीत नाही. मला म्हणाले, "मास्तर, यावल जाई का?"

वंदनाताईंनी त्यांच्या हातात वीट दिली. म्हणाल्या, "जाईल आबा, पण भरल्याशिवाय सुटत नाही."

*

त्याच वंदनाताईंचं ऐका. त्यांच्या गळ्यात कायम टेप, म्हणून दाराचं माप घ्यायला त्यांनाच पाठवलं. चौकट बसली होती, नुसतं दार करायचं होतं. सुतार दार घेऊन आला तर ते चौकटीत शिरेना. दोन्ही बाजूंनी जास्त.

सुतार म्हणाला, "ताई, माप तुम्हीच दिलं ना?"

"बरोबर दिलं. वर दोन्हीकडे एकेक इंच मार्जिन सोडलं."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? शिलाईला!"

सुताराने डोक्याला हात लावला. "ताई, कापड आत दुमडतात. लाकूड कुठे दुमडू?"

वंदनाताई जराही हलल्या नाहीत. "पुढेमागे कुणाचं अंग सुटलं तर सैल करता येतं, म्हणून सोडते मी. तुम्हाला नको असेल तर अल्टर करा."

सुताराने रंधा काढला. दुपारभर तो अल्टर करत होता.

*

प्रकाशशेठ माणूस सोन्यासारखा, पण भाव केल्याशिवाय त्यांना अन्न पचत नाही. जळगावच्या एका फरशीवाल्याने उरलेल्या फरशा आम्हाला फुकट देऊ केल्या. मी हात जोडले. शेठ तिथेच खुर्ची ओढून बसले.

"ते झालं तुमचं. आता शेवटचं बोला."

दुकानदार गोंधळला. "शेठ, फुकट म्हटलं ना मी?"

"ऐकलं. पण आम्ही धुळ्याहून आलोय."

"अहो, फुकटच्या खाली काय असतं?"

"टेम्पोत भरून देणं."

त्याने भरून दिल्या. वर शेठ उठताना म्हणाले, "बघा, जमलं ना? उगाच ताणत होता."

*

आता ओट्याचं. प्लॅस्टर होत आलं आणि निखिलने आपलं सरप्राईज दाखवायला अक्काला स्वयंपाकघरात नेलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओटा! वर काळाभोर कडप्पा, एका टोकाला सिंकसाठी भोकसुद्धा पाडलेलं. मी म्हणतच होतो, एकट्या बाईला एवढा कशाला? पण इंजिनिअरच्या कामात कोण बोलणार!

अक्काने दगडावरून हात फिरवला. "हाई काय शे भाऊ?"

"ओटा, अक्का. मोठा. तुमचा स्वतःचा."

अक्काने समोरच्या कोऱ्या भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाली, "आठे बठीसन मी काय चुल्हासंगे बोलू?"

निखिलचा चेहरा असा उतरला की मला हसताही येईना. फ्लॅटमधल्या पोराला ओटा म्हणजे गॅसचाच. अक्काला पाहिजे होता दारापुढचा, बसायचा. आणि पुढच्या रविवारी गृहप्रवेश! सामान संपलेलं. थोड्या विटा निघाल्या असत्या, पण वर टाकायला दगड कुठून आणायचा?

अक्का म्हणाली, "नका करू भाऊ. घर दिधं तुम्ही, तेच गंज झायं." गंज म्हणजे पुष्कळ. पण डोळे पुसत कोणी पुष्कळ म्हणतं का? मला फार वाईट वाटलं. पहिल्या दिवशी तिच्या जागेवर मीच बसलो होतो ना.

तेवढ्यात प्रकाशशेठ म्हणाले, "दगड समोर पडलाय आणि तुम्ही दगड शोधताय. अक्का, बोला, आतला ओटा देता का बाहेर?"

"लई जा!" अक्का म्हणाली, म्हणजे घेऊन जा. "सयपाक मी खाले बठीसन करसू."

सगळ्यांनी मिळून कडप्पा बाहेर काढला. मी दोन टोले दिल्याशिवाय कोणी उचलायला तयार नव्हतं. दारापुढे विटा रचल्या, वर दगड टाकला. सिंकचं भोक मात्र तसंच राहिलं. निखिलला त्याची फार लाज वाटत होती. अक्काने घरातून पाण्याचा माठ आणला आणि त्या भोकात ठेवला. मापाने केल्यासारखा बसला. वंदनाताई म्हणाल्या, "बघा, मार्जिन कामाला येतं."

*

गृहप्रवेशाला कोणीतरी तालुक्याच्या एका साहेबांना बोलावलं होतं. साहेब उशिरा आले. तोवर पूजा झाली होती, जेवणं झाली होती, आणि अक्का नव्या लुगड्यात तिच्या ओट्यावर माठाशेजारी बसली होती. आम्हीही तिथेच टेकलो होतो.

गाडीचं दार वाजलं. साहेब उतरले. दाराशी जाऊबाई उभ्या होत्या, त्या सवयीने म्हणाल्या, "सुमन, ऊठ वं! पावना उनात!"

वंदनाताईंनी माझा हात घट्ट धरला. निखिल अर्धा उठला होता, शेठनी त्याला शर्टाला धरून खाली बसवलं.

अक्का हलली नाही. साहेबांकडे बघून तिने हात जोडले आणि जावेला म्हणाली, "पावना उनात ना? मंग चहा ठेव. आतमा ओटा नही शे, खाले बठनं पडी."

जाऊबाईंनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे पाहिलं आणि आत गेल्या. स्टोव्हचा आवाज आला. आम्ही कोणी कोणाकडे बघत नव्हतो.

ट्रेमध्ये चहा घेऊन त्या बाहेर आल्या. अक्काने ट्रे घेऊन माझ्या हातात दिला, जरा सरकली, शेजारची जागा पदराने पुसली.

"बठ," ती जावेला म्हणाली. "आठे कोनी कोनले उठाडत नही."

जाऊबाई बसल्या. साहेब उभेच होते.