टाक्यावरची दोरी

गडाच्या माथ्यावर पोहोचले तेव्हा बाटलीत थेंब उरला नव्हता. कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यापाशी दोरी बांधलेला एक डबा होता. दोरी कसली, नुसत्या गाठी! सुतळी, बुटाची नाडी, साडीचा काठ. शेळ्या राखणाऱ्या मावशी म्हणाल्या, "उन्हाळ्यात पाणी खाली जातं, मग दोरी पुरत नाही. ज्याला पुरत नाही तो आपलं काहीतरी जोडतो."

मी डबा सोडला. एकेक गाठ तळव्यातून सरकली आणि डबा अगदी शेवटच्या वितीला पाण्याला टेकला. पोटभर प्यायले. आभार मानायचे तर त्या गाठी मारणाऱ्यांतलं कुणीच समोर नव्हतं. मी ओढणी काढून दोरीला बांधू लागले.

"अजून पुरतीय की," मावशी म्हणाल्या.

"मला पुरली," म्हटलं, आणि गाठ आवळली.