साडभाऊ आणि कंटेनरचा खांब

आमच्या बायका सख्ख्या बहिणी, म्हणून तो माझा साडभाऊ. बंदरावरच्या यार्डात बरीच वर्षं कंटेनर दुरुस्त करून तो शेलूबाजारला परतला आणि माझ्या वेल्डिंगच्या दुकानासमोरच, रस्त्यापलीकडे, त्यानं आपलं दुकान थाटलं. उद्घाटनाची फीत कापून झाल्यावर आणखी एक पुढारी आला, तेव्हा त्याच्यासाठी नवी बांधून पुन्हा कापली. बॅनरवर साडभाऊ हात जोडून उभा, खाली लिहिलेलं ‘कंटेनर फ्रेम तज्ज्ञ’. मी वीस वर्षं ट्रॉल्या आणि जिन्याचे कठडे जोडतोय. मला कुणी मिस्त्रीच्या वर चढवलं नाही.

माझं निम्मं लक्ष रस्त्यापलीकडे असे. तो चार बोटं वेल्डिंग करायचा, उठून दुसऱ्या बाजूला जायचा, तिथं चार बोटं करायचा, मग चहा प्यायचा. मी गिऱ्हाइकांना म्हणायचो, “बंदरावर रोजानं काम केलं न, टाइमपास अंगात मुरला.” लोक हसायचे आणि कंटेनर त्याच्याकडेच न्यायचे.

एका दुपारी हायवेवरून एक ट्रेलर आला. वरच्या रिकाम्या कंटेनरचा पुढचा खांब कशाला तरी धडकून आत वाकला होता. साडभाऊ लग्नाला मालेगावला गेलेला.

“होईन का तुमच्याच्यानं?” ड्रायव्हरनं विचारलं. “नाही तं थांबतो त्या समोरच्यासाठी.”

दुसरं वाक्य तो बोलला नसता, तर मी कदाचित नाही म्हणालो असतो.

हायड्रा क्रेननं कंटेनर खाली घेतला. वाकलेला तुकडा कापून मी तिथं नवा बसवला आणि एका दमात जोडून टाकला. शिवण अशी देखणी उतरली की मी तिच्याकडे बघतच राहिलो. पण कंटेनर परत ट्रेलरवर ठेवला, तेव्हा तीन कोपऱ्यांची भोकं ट्रेलरच्या लॉकवर बसली आणि चौथं दोन बोटं हटून राहिलं.

“मिस्त्री, लॉक काहून बसून नाही राह्यला?”

त्या कोपऱ्याचं भोक ग्राइंडरनं थोडं मोठं केलं की लॉक बसला असता. पुढं एखाद्या वळणावर कंटेनर सुटला असता, तर तिथं मी नसतोच. हा विचार माझ्या डोक्यात बराच वेळ होता, हे कबूल करतो.

तेवढ्यात साडभाऊ लग्नाच्या कपड्यांत परतला. ग्राइंडर खाली ठेवून मी रस्ता ओलांडला. “साडभाऊ, जरा पाहता का?”

त्यानं कपडे बदलले, कंटेनर पुन्हा खाली घ्यायला लावला आणि पुढच्या चौकटीवर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सुतळी ताणली, मग उलट्या बाजूनं. एक सुतळी तोकडी पडली, म्हणजे चौकट तिरकी झाली होती.

“एका दमात मारलं न? गरम लोखंड ओढते. म्हून चार बोटं इकडं, चार तिकडं. मधात थंडं होऊ द्या लागते.”

“मले वाटे, तुमी टाइमपास करता.”

“मालूम हाय. तुमच्या गिऱ्हाइकायनंच सांगतलं मले.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. मी तो शोधून पाहिला. माझी देखणी शिवण त्यानं कापली, जॅक लावून खांब सरळ केला, दोन्ही सुतळ्या सारख्या भरल्यावर जागोजाग टाके मारले आणि रॉडचा होल्डर माझ्या हातात दिला.

“आता तुमी मारा. हात तुमचा माह्यापरीस साफ हाय.”

हे तो ड्रायव्हरसमोर बोलला. मी चार बोटं इकडं, चार बोटं तिकडं करत राहिलो आणि तो नुसता उभा राहून सांगत होता, इतक्या सहज, की त्याच्या बॅनरवरचा प्रत्येक शब्द मला खरा मानावा लागला. त्याच्याइतकं काम मला येत नाही हे एक वेळ सोसलं असतं. त्याच्याइतका मोठेपणाही माझ्यात नव्हता.

चारही लॉक बसले. ड्रायव्हर खूश झाला. “आता अशी कामं इथंच आणतो. नंबर सांगा,” तो आम्हा दोघांकडे बघत म्हणाला. साडभाऊ खाली वाकून जॅक गोळा करत होता.

मी माझा सांगितला.