करमरकरांच्या हॉलमधला ड्राफ्ट

दुबईतल्या प्रत्येक मराठी घरात तेव्हा कपाटावर टीव्हीचं, मिक्सरचं, म्युझिक सिस्टिमचं रिकामं खोकं असायचं. "परत जाताना लागेल" म्हणून जपून ठेवलेलं. परत कुणीच जात नव्हतं, खोकी मात्र वाढत होती! आमच्या ग्रुपचे किस्सेही असेच साठत गेले. आता उतरवतोच एकेक खाली.

ग्रुप चौघांचा. अल मनखूलमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणारे करमरकर. पुण्यात कॉलेजच्या टीममधून हॉकी खेळलेले, त्यामुळे जगातल्या कुठल्याही हॉकीवर आपला हक्क आहे असं मानणारे. दुसरा रेगे. तो खोर फक्कानला पोर्टवर नोकरीला, दर गुरुवारी डोंगर ओलांडून मुक्कामाला यायचा. तिसरा आमच्याच ऑफिसातला गॉर्डन, कॅनडाचा. चौथा मी. नव्वदीच्या शेवटी शेवटी आम्हाला याड लागलं होतं ते आइस हॉकीचं! बाहेर वाळवंट आणि आत आम्ही बर्फावरच्या हॉकीवरून भांडतोय.

हे याड गॉर्डननेच लावलं. दर डिसेंबरात वीस वर्षांखालच्या पोरांची जागतिक स्पर्धा असते, ती तो डिशवर बघायचा. पण सुरुवातीलाच घोटाळा झाला. ऑफिसात चहा घेताना तो म्हणाला, "This year the draft is huge!"

करमरकरांनी कप खाली ठेवला. "किती हजारांचा?"

आपल्याकडे ड्राफ्ट म्हणजे एकच. दर महिन्याला एक्स्चेंजच्या रांगेत उभं राहून घरी पाठवायचा तो पैशांचा! गॉर्डनने समजावलं की मोठे क्लब अठरा वर्षांची पोरं एकेक करून निवडतात, नाव पुकारतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. करमरकरांचा चेहरा उतरला.

"म्हणजे पोरांचाच ड्राफ्ट काढतात?"

*

पहिली मॅच करमरकरांच्या हॉलमध्ये. शुक्रवारची सकाळ, रिप्ले, नीलिमा वहिनींचे पोहे. पाचव्या मिनिटाला दोन पोरांनी ग्लोव्ह्ज फेकले आणि एकमेकांना बुकलायला सुरुवात केली. पंच शेजारी उभे राहून शांतपणे बघतायत!

करमरकर सोफ्यावरून उठले. "अरे, सोडवा की कुणीतरी!"

"दमले की सोडवतील," गॉर्डन म्हणाला आणि त्याने पोह्यांवर लिंबू पिळलं.

मग कॅमेरा एका पोरावर गेला. तो छान हसला. वरचे चार दात गायब! रेगेने विचारलं, "हा अठराचा की अठ्ठ्याऐंशीचा?" गॉर्डनने अभिमानाने सांगितलं की हा पहिल्या दहांत जाणार, सतरा पूर्ण झाल्यापासून क्लब त्याच्या मागे आहेत.

वहिनी किचनच्या दारात झारा घेऊन उभ्या होत्या. लढाई नाही, रक्त नाही, दात नाही, त्यांना धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा.

"सतरा? मग बारावीचं काय?"

*

कुठला पोरगा कितव्या नंबरला जाणार यावर दर शुक्रवारी कडाक्याचं भांडण. करमरकर खेळ बघून सांगायचे, गॉर्डन मासिकं वाचून सांगायचा. रेगे काही बघायचा नाही, वाचायचा नाही. तो पत्रिका मांडायचा!

गॉर्डनच्या मासिकात प्रत्येक पोराची जन्मतारीख छापलेली असे. रेगेने एका फिनलंडच्या पोराची कुंडली पेपर नॅपकिनवर मांडली आणि जाहीर केलं, "जूनमध्ये ह्याचं नाव पहिल्या पाचांत. मंगळ बघा, मंगळ!"

गॉर्डन पोट धरून हसला. त्या पोराला कुठलंही मासिक पहिल्या विसांतही धरत नव्हतं.

जूनमध्ये निकाल आला. तो पोरगा चौथा! त्याच गुरुवारी रेगे बॅग टेकवतोय तोवर गॉर्डनने खिशातून कागद काढला. पुढच्या वर्षीच्या अकरा पोरांची नावं आणि जन्मतारखा.

"जन्माचं गाव लागेल," रेगे रुबाबात म्हणाला.

"उलटून बघ," गॉर्डन म्हणाला. "मागे लिहिलंय."

*

उन्हाळ्यात शहरातल्या आइस रिंकवर लोकल टीमची मॅच होती. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि पार्किंगमधून आम्ही चौघं स्वेटर हातात घेऊन चाललोय. लोक वळून वळून बघत होते!

करमरकर काचेला नाक लावून बसले. एका गोलकीपरवर त्यांचा डोळा. "हा काय अडवणार! हलत नाही, डुलत नाही. अरे ओ भाईसाब, नींद हो गयी क्या?" पाऊण तास हेच. गोलकीपरने दोन गोल खाल्ले तेव्हा तर करमरकरांनी टाळ्या वाजवल्या.

मॅच संपली. गोलकीपर सरकत सरकत थेट आमच्यासमोर आला, काचेशी थांबला आणि त्याने मास्क काढला.

सईद! आमच्या कंपनीचा मंदूब! इमिग्रेशनची सगळी कामं करणारा माणूस! त्याला आम्ही पांढऱ्या शुभ्र पायघोळ कंदुऱ्याशिवाय कधी पाहिलंच नव्हतं. करमरकरांच्या अख्ख्या फॅमिलीचे पासपोर्ट त्या आठवड्यात त्याच्याच ड्रॉवरमध्ये होते.

करमरकरांनी काचेवरून नाक मागे घेतलं. सईद घाम पुसत गोड हसला.

"करमरकर साब, आपका वीसा शनिवार को होना था ना?" तो म्हणाला. "अब देखेंगे. इन्शाल्ला!"

*

मग करमरकरांच्या घरी इंटरनेट आलं. टेलिफोनच्या वायरीतून कुंई कुंई करत लागायचं ते. करमरकरांना एक फोरम सापडला. जगभरचे फॅन तिथे ह्याच पोरांवरून वाद घालायचे. करमरकर ऑफिसातून आले की बूट न काढता कॉम्प्युटरवर.

तिथे त्यांना एक जण भेटला. टोपणनाव 'कोल्ड फीट'. तो करमरकरांचा प्रत्येक मुद्दा खोडून काढायचा. एका स्वीडिश डिफेन्समनवरून दोन आठवडे युद्ध चाललं. "माणूस माजोरडा आहे, पण अभ्यास आहे हो त्याचा!" करमरकर आम्हाला सांगायचे. "टोरोंटोचा कुणीतरी रिटायर्ड कोच असणार."

शेवटी त्यांनी हार मानली आणि फोरमवर लिहिलं, 'सर, आपण जिंकलात.'

रात्री जेवताना त्यांची बारा वर्षांची केतकी वरणभात कालवत म्हणाली, "Thank you, Baba."

करमरकरांचा घास हातातच. "तू? कुठून लिहीत होतीस?"

"School lab. Lunch break."

"आणि मी आहे हे तुला माहीत होतं?"

"From day one. Nobody else spells defence with two i's!"

*

आता हा शेवटचा.

नंतरच्या एका डिसेंबरात गॉर्डनची आई कॅनडातली थंडी चुकवायला दुबईला आली. सत्तरीची, बारीक, फार न बोलणारी बाई. गॉर्डनने तिला शुक्रवारी करमरकरांकडे आणलं. वहिनींनी तिला खुर्चीवर बसवून हातात चिवड्याची बशी दिली.

मॅच सुरू होती. एक उंच पोरगा दोनदा घसरून पडला, मग त्याच्या चुकीमुळे गोल झाला. कोचने त्याला बाकावर बसवलं. करमरकर फॉर्मात होते, पाहुणीसाठी खास इंग्रजीतून.

"ह्याला कोण घेणार! आणि घेतला तरी आठ दिवसांत घरी पाठवतील!"

"नऊ," गॉर्डनची आई म्हणाली.

आम्हाला कळेना. गॉर्डन टीव्हीकडेच बघत होता.

"गॉर्डीला नऊ दिवसांनी पाठवलं," ती म्हणाली. "ड्राफ्टच्या चौथ्या राउंडमध्ये त्याचं नाव पुकारलं. आडनाव चुकीचं वाचलं त्यांनी, तरी तो इतक्या झटक्यात उठला की खुर्ची मागे पडली. त्याचे वडील जन्मात पहिल्यांदा माझ्यासमोर रडले. सप्टेंबरात क्लबच्या सराव कॅम्पला गेला, दहाव्या दिवशी बसने परत आला. एकोणीसही पूर्ण नव्हते."

रेगेने चमचा बशीत ठेवला. तीन वर्षं! तीन वर्षं आम्ही ह्या माणसासमोर पोरांना पास-नापास करत होतो.

करमरकर गॉर्डनकडे वळले. "गॉर्डन, अरे मी तुझ्यासमोर काय काय बोललो... सांगायचं नाहीस का?"

"You were having fun," गॉर्डन म्हणाला. खरंच, रागाने नाही.

टीव्हीवर तो उंच पोरगा अजून बाकावर होता, मान खाली घालून. कॉमेंटेटर सांगत होता की ह्याचं नाव आता यादीत बरंच घसरणार.

करमरकर पुढे सरकले. "तू सांग," ते हळू म्हणाले. "तुला काय वाटतं ह्याच्याबद्दल?"

गॉर्डनने त्या पोराकडे बराच वेळ पाहिलं.

"त्याची आई आली असेल मॅचला," तो म्हणाला. आणि रिमोट घेऊन त्याने कॉमेंट्रीचा आवाज बंद केला.