मिठात न मरणाऱ्या गोगलगायी

अब्दुल गनी हे जानेफळचे शेतकरी. साप निघाला तर काठीवर उचलून धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडे सोडतात, विहिरीत मोटर अडकली तर स्वतः उतरतात. त्यांची मुलगी आयशा मेहकरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि माझ्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहते. या माणसाला घाबरलेलं मी एकदाच पाहिलं, तेही गोगलगायींमुळे.

गेल्या पावसाळ्यात त्यांचं कोवळं सोयाबीन गोगलगायींनी रातोरात फस्त केलं होतं. मग घरातले सगळे गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती धुऱ्यावर टाकत, सकाळी पोत्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचत आणि मिठाच्या पाण्यात बुडवत. मीठ लागलं की त्या फेसाळून मरतात. दुबार पेरणी झाली, पीकही आलं. पण अजून ओलं पोतं दिसलं की अब्दुलभाई ते उलटून पाहतात.

यंदा आयशा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून बुडबुडा-गोगलगायी घेऊन आली. त्यांचा शंख अंड्यासारखा फुगीर, तपकिरी. दिवसा बहुतेक अंग मिटून पडलेल्या असतात आणि तेव्हा सगळ्या एकसारख्याच दिसतात. शंखावरून जात कळत नाही, अंग बाहेर आलं की मगच कळते. तिनं त्या निवडून तीन बरण्यांत ठेवल्या होत्या. तिसऱ्या बरणीत एकच होती, आणि ती वेगळ्याच जातीची असावी असा तिचा अंदाज होता. रविवारी ती जिवंत तिच्या सरांना दाखवायची होती.

शुक्रवारी दुपारी अब्दुलभाई तुरीची डाळ घेऊन आले. आयशा कॉलेजात होती, म्हणून मी त्यांना खोली उघडून दिली आणि चहा टाकायला खाली आले. मागोमाग ते जिन्यात येऊन म्हणाले, "बाई, जरा मीठ द्या." गुळण्या करायच्या असतील म्हणून मी बरणीच दिली.

चहा घेऊन वर गेले तर तिन्ही बरण्या रिकाम्या आणि गोगलगायी मिठाच्या पाण्यानं भरलेल्या बादलीत!

"पोरीनं घरातच पाळून ठेवल्या," ते म्हणाले. "आता मरतीन."

एवढ्यात तळाशी एक शंख हलला. त्यातून मऊ अंग बाहेर आलं आणि सावकाश चालू लागलं. अब्दुलभाई भिंतीला टेकले.

"बाई, हे मिठात मरत नाही वो! रानात गेली तर कशानं मारावं?"

त्या समुद्रातल्या आहेत हे मला ठाऊक होतं, मी सांगितलंही. पण ते ऐकत नव्हते. मी आयशाला फोन केला.

ती धावत आली, रिकाम्या बरण्या पाहून तिचा चेहरा उतरला. तिनं पाण्यात बोट बुडवून चाखलं, ते समुद्राइतकं खारट नव्हतं म्हणून कपाटातलं समुद्री मीठ काढून घाईघाईनं मिसळलं. माझ्यादेखत ही दोघं वऱ्हाडीतच बोलतात.

"अब्बा, याइले मीठ लागतेच. साध्या पाण्यात मरतात ह्या."

"मंग टाक एक. माह्या डोयासमोर मरू दे."

"कोणती टाकू? सगळ्या मिटल्या. याइच्यात ती तिसऱ्या बरणीतली एकलीच हाय."

"सगळ्या एकच तं दिसतात."

"दिसतात. जात वेगळी हाय."

"गोगलगायीलेबी जात! मंग बकऱ्यावानी रंग लावून ठेवाचा होता!"

कोणी हसलं नाही. अंधार पडल्यावर त्या उघडतील, असं आयशा म्हणाली. तोवर जानेफळची शेवटची बस निघून जाणार होती. अब्दुलभाई तरीही बादलीजवळ बसले. "हे असं सोडून जाऊ कसा? तू इथंच झोपतं."

दिवेलागणीला एकेक शंख उघडू लागला. कुणाच्या अंगावर पांढरे ठिपके, कुणाचं अंग नुसतंच तपकिरी. एक शंख मात्र हललाच नाही. आयशा नखं खात होती. शाळेत सिस्टरांनी शिकवलेली प्रार्थना माझ्या तोंडी आली. मिठाची बरणी मीच दिली होती ना!

मग त्या शंखाच्या कडेला नारिंगी रेघ दिसली. ती आधी अब्दुलभाईंनाच दिसली.

"हे पाय! ही न्यारी हाय!"

आयशानं ती हलक्या हातानं बरणीत घेतली. मग पांढऱ्या ठिपक्यांची एक उचलून नळाच्या पाण्याच्या वाटीत सोडली. तिनं अंग आखडून घेतलं, आणि पाण्यात चिकट तार सुटली. अब्दुलभाई वाकून पाहत होते.

"आपल्या रानातल्या मिठात करतात, तशीच करते हे."

"हाव, अब्बा."

"पुरे. पुरे आता." त्यांनी स्वतःच ती उचलून परत बादलीत टाकली. "जगन का?"

"सांगता येत नाही."

सकाळी ती चालत होती. पांढऱ्या ठिपक्यांची आणि नारिंगी कडेची, दोघीही. अब्दुलभाईंनी दोन्ही पाहिल्या आणि मान हलवली. मग बसला निघताना त्यांनी पिशवी झटकली, दारात चपला उलट्या करून दोन्ही तळ निरखून पाहिले, आणि मगच पायात घातल्या.