मामींची सायकल आणि पेठेतला पट्टा

माझ्या चुलत सासऱ्यांइतका सायकलवेडा माणूस जुन्नर-आंबेगावात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्या बायकोनं त्याला एव्हाना घराबाहेर काढला असेल. आम्ही त्यांना मामा म्हणतो. ओसरीवरून स्वयंपाकघराकडे वळतानासुद्धा मामा आधी हात बाहेर काढून इशारा देतात. माझ्या लग्नात वऱ्हाडाच्या गाड्यांआधी ते निरगुडसरला सायकल मारत मांडवात हजर झाले आणि मागून आलेल्यांवरच डाफरले, "एवढा येळ कुठं व्हता?" मोटारसायकलवाल्यांची तर त्यांना कीव येते. "द्येवानं पाय दिल्यात ते काय नुसत्या चपला अडकवायला, राव?"

डिंगोरे गावातली शेती मुलावर सोपवून मामा-मामी बाजाराच्या गावी राहायला आले, आणि त्याच सुमारास तिथल्या पेठेत सायकलींसाठी हिरवा पट्टा आखला गेला. तो खास आपल्यासाठीच आखलाय, अशी मामांची समजूत. पट्ट्यात कुणी गाडी लावली, की मालक येईपर्यंत ते तिच्यापुढं उभे राहून घंटी वाजवत. पण खरी कमाल त्यांनी पुढंच केली. साठी ओलांडलेल्या मामींना सायकल शिकवली.

"अन् पडले तर?" मामींनी विचारलं.

"पडशील की. मी बी पडलो व्हतो."

पावसाळा सरता सरता मामी नऊवारीचा काष्टा आवळून एकट्या भाजीला जाऊ लागल्या. एकदा तर कुणालाच न सांगता पेठेच्या दुसऱ्या टोकाला बालमैत्रिणीकडे जाऊन गप्पा मारत बसल्या. मामा शोधून दमले आणि नंतर तीच हकिकत भेटेल त्याला छाती फुगवून सांगत सुटले.

मग दुकानदारांनी पट्टा काढायची मागणी केली. सभा भरली. मामांनी एकेकाला बोलून गप्प बसवलं. शेवटी त्यांचा रोजचा चहाचा सोबती, पेठेतला बांगडीवाला उठला.

"भाऊ, भाभी सायकलवर दिसल्या की आमाला बी लई बरं वाटतं. पण माझा टेम्पो कुठं उभा करू? पेट्या पार नाक्यावरनं डोक्यावर आणतो. कंबर गेली माझी. आता तुमीच सांगा."

"त्याचं बी खरंय," एवढंच पुटपुटून मामा खाली बसले.

पट्टा गेला. मामींनी एकदा पेठेतल्या गर्दीतून सायकलवर जाऊन पाहिलं. टेम्पो अंगावर आला तशा अर्ध्यातच उतरल्या आणि सायकल हातात धरून घरी परतल्या. मामा अजूनही बांगडीवाल्याकडे चहाला जातात.

परवा गेलो, तर मामी अंगणातल्या अंगणात फेऱ्या मारत होत्या आणि मामा पायरीवर बसून बघत होते.

"मामी, झकास चालवता की!" मी म्हणालो.

त्या पाय टेकून थांबल्या. "चालवती की, पावणं. पण जायाचं कुठं?"

मामा उठले. त्यांनी फाटक उघडलं, रस्त्याकडे जरा वेळ बघितलं आणि हळूच पुन्हा लावून घेतलं.