पहिले पन्नास किलोमीटर

सिंगापूरमध्ये बर्फाची काळजी करणारा एकच माणूस आहे आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. बाकी सगळ्या बेटाला बर्फ ठाऊक असतो तो उसाच्या रसात घालण्यापुरता. मामा मात्र सकाळी उठले की आधी फिनलंडच्या उत्तरेचं तापमान बघतात आणि मग खिडकी उघडतात. "उणे एकोणीस," असं ते चहाच्या आधी जाहीर करतात आणि तोआ पायोहमधल्या इमारतीच्या बाराव्या मजल्यावर पंख्याखाली पदराने घाम टिपणाऱ्या मामी अगदी गंभीरपणे "बरं" म्हणतात.

मामांचा सगळा जन्म रबरात गेला. आधी पुण्याजवळ बेल्ट बनवणाऱ्या कारखान्यात, मग इथे जुरोंग ईस्टला सुट्या भागांच्या गोदामात. निवृत्त झाले तरी सवयी निवृत्त झाल्या नाहीत. कुणाच्याही घरी गेले की ते यजमानांच्या आधी वॉशिंग मशीनची विचारपूस करतात. एकदा शेजारच्या चिनी आजींकडे केक खायला बोलावलं होतं. मामांनी मध्येच हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, स्वयंपाकघराच्या दिशेने कान दिला आणि निकाल दिला, "बेल्ट लूज." आजी म्हणाल्या, "बट वॉशिंग ओके व्हॉट!" मामा म्हणाले, "नाऊ ओके. लेटर, कॅनॉट." आठवडाभराने आजी ओले कपडे घेऊन मामांच्या दारात उभ्या राहिल्या आणि तेव्हापासून त्या मामांना डॉक्टर म्हणतात.

दुसरं म्हणजे, मामांच्या मते कुठलीही नवी वस्तू रुळवल्याशिवाय वापरणं हा अत्याचार आहे. नव्या चपला पहिल्या दिवशी लिफ्टपर्यंत, दुसऱ्या दिवशी खाली खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरपर्यंत, आणि समुद्रकाठच्या ईस्ट कोस्टचा पूर्ण फेरा अकराव्या दिवशी. नव्या कुकरमध्ये तीन दिवस नुसतं पाणी उकळायचं. मी एम्प्लॉयमेंट पास घेऊन इथे आलो तेव्हा त्यांनी मलाही त्याच यादीत घातलं. "जावईबापू, पहिले पंधरा दिवस ऑफिसात जोर लावू नका. कधी हळू, कधी थोडं वेगात. एकदम ताणलं की रबर काय, माणूस काय, काचेसारखा गुळगुळीत होतो, मग पकड राहत नाही." मी हा सल्ला पाळला, आणि साहेबांनी तिसऱ्या आठवड्यात मला बोलावून तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं.

घर मिळेपर्यंतचे ते पंधरा दिवस मी मामांकडेच होतो. पहिल्या दिवशी बॅग घेऊन पाहुण्यांच्या खोलीत शिरलो तर खोलीत एसी चालू, पडदे बंद, आणि पलंगावर स्वच्छ चादर घालून दोन काळे, जाडजूड रबरी बेल्ट शांतपणे पहुडलेले. मामा मागून हळूच म्हणाले, "दार लावून घ्या, ऊन येतं." माझं अंथरूण हॉलमध्ये होतं. त्या दोघांना मी रोज बाहेरूनच बघत असे. त्यांची घडी घालायची नाही, पीळ द्यायचा नाही, खिळ्याला टांगायचं नाही. फ्रिजजवळ तर नाहीच, कारण विजेच्या मोटारीजवळच्या हवेने म्हणे रबराला बारीक भेगा पडतात. खोक्यात वेटोळं होऊन आलेला बेल्ट आधी मोकळा सोडून आपल्या आकारात येऊ द्यायचा, मग साबणाच्या कोमट पाण्याने हलक्या हाताने धुवायचा, म्हणजे साच्यातून लागलेला तेलकट थर निघून जातो. हे स्नान मामींच्या बाथरूममध्ये व्हायचं आणि अंग पुसायला मामींच्या जुन्या सुती साडीचा तुकडा. "माझी मुलगी झाली तेव्हाही यांनी इतकं केलं नव्हतं हो," मामी म्हणाल्या.

मग मुलीचा विषय निघालाच होता, म्हणून मामींनी मला सगळं सांगितलं. गार्गी, त्यांची एकुलती एक. इथेच युनिव्हर्सिटीत शिकली आणि बर्फाचा अभ्यास करायला उत्तर फिनलंडमधल्या एका संशोधन केंद्रात गेली. मामांना ते पटलं नव्हतं. भांडण झालं नाही, पण बोलणं आटलं. फोनवर "जेवलीस का?" आणि "हो" एवढंच. तिथे ती मोजमापं घ्यायला स्नोमोबाइलवरून फिरते. म्हणजे बर्फावर पळणारी स्कूटरच म्हणा. आपल्या गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये असतो तसाच, पण दांडगा रबरी बेल्ट ती गाडी चालवतो. आदल्या हिवाळ्यात भर रानात तो बेल्ट तुटला. सीटखाली जादाचा बेल्ट होता, तोही बसवल्यावर थोड्याच वेळात फाटला. गार्गी गुडघाभर बर्फातून सात किलोमीटर चालत केंद्रावर पोचली. पायाची दोन बोटं बधिर झाली होती, ती वाचली. आईवडिलांना तिने हे तीन आठवड्यांनी सांगितलं, तेही बोलण्याच्या ओघात.

दुसऱ्या दिवशी मामांनी तिला फोन करून एवढंच म्हटलं, "दोन्ही तुटके बेल्ट मला पाठव." ते आले तेव्हा मामा चष्मा लावून तासभर बघत बसले. जादाचा बेल्ट दोन वर्षं सीटखाली दुमडून कोंबलेला होता, दुमडीवरच फाटला होता. आणि पहिला न धुता, न रुळवता पहिल्याच दिवशी पूर्ण वेगात ताणलेला. मामींनी सांगितलं, "ते म्हणाले, माझ्या घरात वाढलेल्या मुलीला मी हे एवढंही शिकवलं नाही. आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले."

पलंगावरचे दोन बेल्ट तिच्यासाठीच होते. कुरिअरवर मामांचा विश्वास नव्हता. "तो खोकं उभं ठेवतो." म्हणून त्या डिसेंबरात, आयुष्यात कधी बर्फ न बघितलेले मामा केकच्या मोठ्या चपट्या खोक्यात बेल्ट घेऊन स्वतः निघाले. मी विमानतळावर पोचवायला गेलो होतो. काचेपलीकडे सुरक्षा तपासणीची मुलगी म्हणाली, "अंकल, बेल्ट रिमूव्ह प्लीज." मामांनी कमरेचा पट्टा काढला, खोकं उघडलं आणि तीन बेल्ट ट्रेमध्ये ओळीने मांडले. "दिस टू, डोन्ट बेंड," त्यांनी तिला बजावलं. तिने खरोखरच दोन्ही हातांनी ट्रे उचलून पुढे ठेवला.

फिनलंडला काय झालं ते मी आणि मामींनी हॉलमध्ये बसून व्हिडिओ कॉलवर पाहिलं. गादीसारखा जाड पोशाख घातलेले मामा कमरेत वाकून बेल्टवरचा बाण दाखवत होते. "फिरण्याची दिशा ही. काढून पुन्हा बसवलास तरी हीच." मग गार्गी पुढे आणि मामा तिच्यामागे सीटवर असे दोघं निघाले. आधी इंजिन तापू द्यायचं, मग हळू, मग थोडं वेगात, परत हळू, मध्ये थांबायचं. पहिले पन्नास किलोमीटर पूर्ण रेस द्यायची नाही. दुसऱ्या दिवशी जादाच्या बेल्टचे पन्नास, कारण अडचणीच्या वेळी न रुळलेला बेल्ट कामाचा नाही. "बाबा, पायी याहून लवकर पोचू," असं ती ओरडल्याचं आम्ही ऐकलं. पण दुसऱ्या दिवशी तिने मामींना एकटीने फोन केला. "आई, बाबा कधी बोलतच नाहीत असं मला वाटायचं. काल थांबलो की दर वेळी बोलत होते. मला वाटतं, त्यांना हळू चालणारं काहीतरी लागतं."

त्यानंतर मामा दर हिवाळ्याला नवे बेल्ट घेऊन गेले. रुळलेले बेल्ट एकदाही तुटले नाहीत. यंदा मात्र डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाचा आलेख बघून लांबचा प्रवास बंद केला. बेल्ट मीच कामानिमित्त हेलसिंकीला गेलो तेव्हा पुढे गार्गीपर्यंत नेले, आणि खोकं वाटेत आडवंच राहिलं याचे फोटो दर विमानतळावरून पाठवले.

गेल्या रविवारी मी त्यांना ईस्ट कोस्टला फिरायला नेलं. बाकावर बसल्यावर त्यांनी खिशातून इअरफोन काढले. गार्गीने फोन जाकिटाच्या खिशात ठेवून नव्या बेल्टच्या पहिल्या पन्नास किलोमीटरचा सगळा आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता. दोन तासांहून जास्त. मामा डोळे मिटून ऐकत होते, मधूनच मान डोलवत होते. एकदा बोट वर करून म्हणाले, "थांबली." आणि एक इअरफोन माझ्या कानात घातला. इंजिन बंद झालं होतं. बराच वेळ नुसता तिचा श्वास. मग ती, मागे कुणी बसलेलं असावं अशा सहज आवाजात म्हणाली, "बाबा, आज इथे काहीसुद्धा हलत नाहीये."

समोर जहाजं नांगर टाकून उभी होती. मामा त्यांच्याकडे बघत होते.

"हो ना," ते म्हणाले.